मस्टर, टेंडर आणि मुक्ताची आई

आमची मुलगी मुक्ता बोटीवर अधिकारी आहे. मालाच्या नव्हे, माणसांच्या बोटीवर. क्रूझ म्हणतात तिला. चौलच्या सुपारीच्या वाडीत वाढलेली पोर आता इटली-ग्रीसच्या बाजूला पांढरा गणवेश घालून उभी असते, हे लोकांना सांगताना मला अजून थोडं अवघडायला होतं आणि पुष्कळ बरं वाटतं. दर रविवारी तिचा फोन येतो. "आई, काल टेंडर ड्यूटी होती. आज सी डे, म्हणून जरा निवांत. सकाळी मस्टर ड्रिल झालं." मी म्हणायचे, "हं." आणि मग नारळ किती उतरले ते सांगायला लागायचे.

गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "आई, तू नुसतं हं हं करतेस. मी काय सांगते ते कळतं तरी का तुला?"

चिडून नाही, हसतच म्हणाली. पण मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. "नुसत्या माना हलवू नका, कळलं का ते सांगा," हे वाक्य मी रोज चारदा तरी म्हटलं असेल. ते असं उलटून आपल्याकडे आलं की लागतं.

दोन दिवस विचार करून मी ह्यांना म्हटलं, "आपण क्रूझने जाऊन येऊ."

हे सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. त्याला कारण होतं. मी बोटीत बसत नाही. माझं माहेर माणगावजवळ, भातशेतीचं गाव. नऊ वर्षांची असताना काळ नदीत आमची होडी कलंडली. सगळे वाचले, मला वडिलांनी वेणीला धरून ओढून काढलं. पण ते गढूळ पाणी नाकातोंडात गेल्याची आठवण काही गेली नाही. लग्न होऊन चौलला आले, समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी घोट्याच्या वर मी तो अंगाला लावून घेतला नाही.

"अगं, झेपेल का तुला?"

"झेपवू. ती काय बोलते ते मला कळायला हवं."

मग भाचीने मुंबईहून बुकिंग केलं. मुंबई ते लक्षद्वीप आणि परत, चार रात्री. तिने फोनवर विचारलं, "मामी, इनसाइड केबिन, ओशन व्ह्यू की बाल्कनी?" इनसाइड म्हणजे खिडकी नसलेली खोली, ओशन व्ह्यू म्हणजे न उघडणारी खिडकी आणि बाल्कनी म्हणजे बाल्कनीच. मी पाणी दिसणार नाही अशी मागितली. हे मात्र केबिन शब्दावरच खूश होते. बांधकाम खात्यात तीस वर्षं कारकुनी केली, केबिन फक्त साहेबांना असायची.

मुंबई

चढण्याला एम्बार्केशन म्हणतात. ते दुपारी सुरू झालं आणि पहिली फजिती तिथेच झाली. मी बॅगेत सुकटीच्या चटणीचा डबा ठेवला होता, मशीनमध्ये तो दिसला. तपासणीच्या बाईंनी विचारलं, "ये क्या है?" मी सांगेपर्यंत त्यांनी झाकण उघडलं. रांगेत आमच्या मागे एक मोठं गुजराती कुटुंब होतं, ते सगळे दोन पावलं मागे सरले. बाहेरचं खाणं न्यायला बंदी होती, डबा तिथेच राहिला. मला त्या चटणीपेक्षा त्या बाईंचं वाईट वाटलं, दिवसभर तो डबा त्यांच्या टेबलाखाली असणार.

मग एक लांब बंदिस्त बोळ, गालिचा घातलेला. चालता चालता मी विचारलं, "बोट कुठाय?"

"आपण बोटीतच आहोत," हे म्हणाले.

त्या बोळालाच गँगवे म्हणतात. मी काळ नदीची आठवण काढून धास्तावायचं ठरवून आले होते, ते राहूनच गेलं. पायाखाली काही हलत नव्हतं. अलिबागच्या एसटी स्टँडवरची फरशी याहून जास्त हलते.

खोलीत टेकतो न टेकतो तोच घोषणा झाली की मस्टरसाठी सगळ्यांनी नेमलेल्या जागी जमावं. हे लगबगीने उठले आणि खिशाला पेन लावलं.

"पेन कशाला?"

"मस्टरवर सही नको का करायला?"

मीही शाळेत जन्मभर मस्टरवरच सही केली. मलाही ते पटलं. आम्ही दोघं पेन घेऊन गेलो. तिथे सहीबिही काही नव्हती. बोटीवर संकट आलं तर कोणी कुठे जमायचं, तिथे सगळ्यांना मोजायचं, जॅकेट कसं बांधायचं, याची ती तालीम होती. एक खलाशी आमच्या घोळक्यापुढे जॅकेट घालून पट्टे दाखवत होता आणि अर्धे लोक मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत होते. मला फार राग आला. पहिलीच्या वर्गात असा गलका असता तर मी छडी आपटली असती. आणि मग एकदम लक्षात आलं, आमची मुक्ता दर फेरीला हेच करत असते. अशाच गलक्यापुढे उभी राहून. मी पुढे सरकून त्या खलाशाकडे नीट बघत राहिले, शेवटचा पट्टा बांधेपर्यंत.

"म्हणजे हजेरीच झाली की," हे परत येताना म्हणाले आणि ते खरंच होतं.

किहीमसमोरून

ऊन कलल्यावर बोट बंदराबाहेर पडली. डेकवर जायला मी तयार नव्हते, पण हे म्हणाले, "आपलाच किनारा दिसणार आहे. पोर्ट बाजूला." पोर्ट म्हणजे बंदर असं मी वीस वर्षं भूगोलात शिकवलं. बोटीवर पोर्ट म्हणजे डावी बाजू आणि उजवीला स्टारबोर्ड. दक्षिणेकडे जाताना आपला किनारा डावीकडे, म्हणजे पोर्टला. हे ह्यांनी दारावरचा नकाशा वाचून पाठ केलं होतं.

कठड्यापासून चार हात मागे एक खुर्ची धरून मी बसले. शेजारच्या खुर्चीवर हिरव्या लुगड्यातली, केसांत अबोलीची वेणी माळलेली एक म्हातारी बसली होती. किनाऱ्याकडे बोट दाखवून ती स्वतःशीच म्हणत होती, "ही खांदेरी. त्याच्यामांग थळ. ते माड दिसतान ते किहीमचे."

"तुम्ही कुठल्या?" मी विचारलं.

"थेरोंड्याची. हिरा मना बोलतान."

थेरोंडा म्हणजे रेवदंड्याला लागून, आमच्यापासून हाकेवर. तिच्या घरच्या दोन मच्छीमार बोटी होत्या. मुलाने आईला हौसेने पाठवलं होतं, सोबत सून होती, ती खाली दुकानं बघत होती. मी म्हटलं, "हिरामावशी, तुम्हाला काय, समुद्राची सवय असणार."

"कसली सवय! धक्क्यावर मावरा उतरवाला होरीवर चढाचा आन् खाली याचा. दर्यान बायकांना कोन नेतं? जलम गेला, आज पयल्यांदा निंगाले." मग तिने अकरा मजली बोट खालपासून वरपर्यंत न्याहाळली. "एवढी मोठी होरी, आन् मावरा एक न्हाय धरत!"

अंधारताना कोर्लईचा दिवा दिसला. त्याच्या अलीकडे कुठेतरी आमची वाडी, आमचं घर. हे कठड्याशी उभे राहून मोठमोठ्याने लोकांना सांगत होते, "तो दिवा आहे ना, त्याच्या डाव्या हाताला आम्ही राहतो." कोणी विचारलं नव्हतं. मी बसल्या जागेवरून मान उंच करून बघितलं. सदतीस वर्षं ज्या किनाऱ्यावरून मी समुद्राकडे पाठ करून उभी राहिले, तो समुद्रावरून बराच लहान आणि फार गोड दिसत होता.

पाणीच पाणी

दुसरा दिवस सी डे. म्हणजे बोट कुठेच लागत नाही, दिवसभर चालत राहते. सकाळी नाश्त्याला इडलीपासून ढोकळ्यापर्यंत सगळं मांडलं होतं आणि लोक वरात जेवायला उठावी तसे उठले होते. जैन लोकांचं टेबल वेगळं. मासे होते, पण त्यांना मीठ-मसाला लावायचं कोणाच्या मनात आलं नसावं. हिरामावशीने एक तुकडा खाल्ला, बाकीचा पानात बाजूला सारला आणि म्हणाली, "हा बरफान म्हातारा झाला."

दुपारी आमच्या मजल्यावर एक फलक दिसला, ब्रिज पाहण्याची वेळ तीन ते चार. हे चष्मा पुसत म्हणाले, "भर समुद्रात पूल? कोणी बांधला?" त्यांच्या खात्याने तर नाही ना, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. गेलो. ब्रिज म्हणजे बोट जिथून चालवतात ती खोली. मोठी काच होती, काचेपलीकडे संगणकाचे पडदेच पडदे आणि मोटारीच्या स्टिअरिंगएवढं लहानसं सुकाणूचं चाक. आणि एक तरुण अधिकारी दुर्बीण हातात घेऊन उभा होता. लोक काचेवर टकटक करत होते, हात हलवत होते. त्याने वळून पाहिलं नाही. तो समोर पाण्याकडे बघत होता.

"बसायला खुर्ची आहे की तिथे," मी म्हटलं.

"ड्यूटीवर बसत नसतील," हे म्हणाले.

मुक्ताला मी कधी विचारलंच नव्हतं की ती बसते की उभी असते. तीन वर्षं झाली तिला. मी नारळांचे हिशेब सांगत राहिले.

संध्याकाळी खोलीत उद्याचा कागद आला. रोज येतो, त्यात दुसऱ्या दिवसाचं सगळं लिहिलेलं असतं. ह्यांनी वाचला आणि हसायला लागले. "सकाळी आठपासून टेंडर निघणार आहेत म्हणे! मी तीस वर्षं टेंडरं उघडली. लाखेच्या सीलची पाकिटं यायची."

मला हसू आलं नाही. मुक्ताच्या तोंडून हा शब्द मी सगळ्यात जास्त ऐकला होता. मी स्वागतकक्षात जाऊन विचारून आले. बेटाजवळ पाणी उथळ, मोठी बोट लांब उभी राहते. तिथून किनाऱ्यापर्यंत छोट्या होड्यांनी जायचं. त्या होडीला टेंडर म्हणतात.

होडी. बाकी सगळं मला पेललं असतं.

बेट

सकाळी बोटीच्या पोटातल्या एका दारापाशी रांग लागली. दार पाण्याच्या जवळजवळ पातळीवर होतं. बाहेर निळंशार पाणी आणि त्यावर ती होडी वीतभर वर, वीतभर खाली होत होती. एक खलाशी पाय रोवून उभा होता. माझी पाळी आली, त्याने हात पुढे केला, "आईये मॅडम." मी होडीची कड खाली जाताना पाहिली आणि माझे पाय तिथेच थिजले. मागचे लोक कुजबुजायला लागले. मी "सॉरी, सॉरी" म्हणत रांगेतून बाहेर पडले आणि थेट वरच्या डेकवर येऊन बसले.

हे मागोमाग आले. "नको जाऊया. इथून दिसतंय की बेट." त्यांच्या आवाजात जराही नाराजी नव्हती, त्यामुळे मला जास्तच रडू यायला लागलं.

तिथून खाली ते दार दिसत होतं. करायला काही नव्हतं म्हणून मी बघत बसले. तो खलाशी एकेका माणसाला उतरवत होता. म्हाताऱ्यांना, लहान मुलांना, उंच टाचांच्या बायकांना. तो कोणाची बोटं धरत नव्हता, मनगट धरत होता. प्रत्येकाला काहीतरी सांगत होता आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. पन्नास माणसं, मग दुसरी होडी, पुन्हा पन्नास. ही टेंडर ड्यूटी. "काल टेंडर ड्यूटी होती," असं ती म्हणायची आणि मी "हं" म्हणायचे. म्हणजे त्या दिवशी माझ्यासारख्या दोन-तीनशे घाबरलेल्या माणसांचा भार माझ्या मुलीच्या मनगटावर असायचा.

तेवढ्यात हिरामावशी सुनेबरोबर आली. माझं तोंड बघून तिला सगळं कळलं असावं. "काय गो मास्तरीनबाय, अजून हितंच?"

"मला होडीची भीती वाटते, मावशी."

"वाटनारच. मना लिफ्टची वाटते." ती माझ्याशेजारी टेकली. "आयक. पान्याकरं नको बगू, मानसाकरं बग. होरी खाली जाते तवा थांबाचा, वर आली का पाय टाकाचा. ती आपली आपन वर येतेच. आपन तिच्या मांगं धावाचा न्हाय."

आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो. मी त्या खलाशाच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याच्या भुवईत एक पांढरा केस होता. होडी खाली गेली, मी थांबले. वर आली, मी पाय टाकला. त्याने माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली. बसल्यावर मी डोळे मिटून घेतले, ते किनारा येईपर्यंत उघडले नाहीत. पण गेले.

बेट म्हणजे पांढरी वाळू आणि नारळ, नारळ आणि पांढरी वाळू. लोक पाण्यात शिरले, हे नारळाकडे वळले. तिथे एक बागवाले गृहस्थ भेटले, ह्यांच्याच वयाचे, लुंगी आणि डोक्याला रुमाल. त्यांना मराठी येत नव्हतं, ह्यांना त्यांची भाषा येत नव्हती. दोघांनी तासभर गप्पा मारल्या. एक नारळ नखाने टकटक वाजवून दाखवायचा, दुसरा कान लावायचा. हे झाडाच्या बुंध्याला वीत लावून "बाणवली, आमच्याकडे बाणवली" म्हणून आपल्या नारळाची जात सांगत होते. ते गृहस्थ नारळ फोडून खोबऱ्यातल्या तेलाचा ओशटपणा बोटांवर दाखवत होते. त्यांच्या घरच्यांनी आम्हाला शहाळी दिली. नारळ आमच्याहून लहान, पण खोबरं जाड. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी आणि मग चहा. तिथे शहाळंच पाणी आणि शहाळंच चहा.

मी दोनदा घड्याळ बघितलं. हे म्हणाले, "ऑल अबोर्ड साडेचारला आहे. मी पाठ केलंय. सव्वातीन तर झालेत."

साडेतीनला पाच कमी असताना मी सहज धक्क्याकडे बघितलं. किनारा रिकामा होता. वाळूत छत्र्या नव्हत्या, माणसं नव्हती. धक्क्याला एक होडी उभी होती आणि खलाशी तिचा दोर सोडत होता.

ऑल अबोर्ड साडेचारला म्हणजे साडेचारला मोठ्या बोटीवर हजर. शेवटचं टेंडर त्याच्या तासभर आधी, ते त्याच कागदावर खालच्या ओळीत लिहिलं होतं. ह्यांनी वरची ओळ पाठ केली होती.

"अहो, पळा!"

वाळूत पळता येत नाही. हे मागे, मी पुढे. साठाव्या वर्षी साडी गुडघ्यापर्यंत धरून मी धावले. होडी धक्क्यापासून हातभर सुटलेली. तेव्हा मी ओरडले, अगदी मैदानावरच्या चौथीच्या वर्गाला ओरडावं तसं, "थांबाऽऽ! दोघं राहिलीत!"

होडीतला एकही खलाशी मराठी नसावा. पण पन्नासच्या पन्नास माणसं जागच्या जागी गप्प झाली आणि होडी मागे आली. कोणीतरी हात पुढे करायच्या आत मी होडीत उतरून उभी होते आणि वळून ह्यांच्याकडे हात करत होते, "वर आली की पाय टाका! पाण्याकडे बघू नका!" ह्यांचं मनगट मी धरलं. बोटं नाही.

बसल्यावर धाप लागली. शेजारी हिरामावशी. ती पदर तोंडाला लावून हसत होती. "आवाज काय गो तुजा! आमच्या धक्क्यावर लिलावाला ये."

त्या वेळी मला कळलं की मी डोळे उघडे ठेवून बसले आहे. होडीच्या कडेपलीकडे पाणी होतं, इतकं स्वच्छ की तळाची वाळू दिसत होती.

परत

मुंबईला उतरलो. उतरण्याला डिसएम्बार्केशन म्हणतात, त्यात सामानाची शोधाशोध आणि घरची ओढ एवढंच असतं. हिरामावशीने निघताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि सुनेला म्हणाली, "ह्यांना पापलेट धाडून दे." हे टॅक्सी बघायला लागले, कारण आम्ही नेहमी वडखळवरून रस्त्याने जातो.

मी म्हटलं, "मांडव्याची बोट किती वाजता आहे?"

ह्यांनी बॅगा उचलल्या. गेटवेला गेलो, तिकिटं काढली आणि वरच्या मजल्यावर वाऱ्यात बसलो. मांडव्याला उतरून रिक्षाने किहीमवरून, अलिबागवरून घरी. दोन दिवस अंगण माझ्या पायाखाली डुलत होतं. मी वरणभात केला, सुकट भाजली, आणि दोघं कितीतरी वेळ जेवत बसलो.

रविवारी मुक्ताचा फोन आला. "आई, काल पुन्हा टेंडर—"

"लोकांचं मनगट धरतेस ना?" मी विचारलं. "बोटं धरली तर निसटतात."

"तुला कसं माहीत?"

आम्ही तिला आधी सांगितलंच नव्हतं. झेपलं नाही तर तिला वाईट वाटेल म्हणून. मग मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, रांगेतून परत आले तेही. ती खूप हसली. ह्यांच्या पेनावर तर इतकी हसली की तिच्या शेजारची कोणीतरी "काय झालं" असं इंग्रजीत विचारत होती ते मला ऐकू आलं.

मग ती म्हणाली, "आई, एक सांगू? पहिल्या महिन्यात एकदा फार खवळला होता समुद्र. मी केबिनमध्ये दार लावून दिवसभर रडत होते. बॅग भरून ठेवली होती. पुढच्या बंदरात उतरायचं आणि सरळ घरी यायचं, असं ठरवलं होतं."

"मग आली का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी टेंडर ड्यूटी लागली. एका आजींनी माझा हात सोडलाच नाही, किनारा येईपर्यंत. मग राहिले."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? टेंडर म्हणजे काय, इथून सुरुवात करायला लागली असती."

तिचं बोलणं बरोबर होतं. त्या रविवारी आम्ही तासभर बोललो. नारळांचा विषय निघाला नाही.

तिचं काँट्रॅक्ट संपलं की पुढच्या महिन्यात ती येते आहे. तिला विचारायचे प्रश्न मी एका कागदावर लिहून काढले आहेत, आतापर्यंत सतरा झाले. ब्रिजवर बसायला देतात का, उभं राहून पाय दुखतात का, असे सगळे. त्यातला फक्त पहिला प्रश्न बोटीबद्दलचा नाही. बॅग भरून ठेवलीस, त्या दिवशी जेवली होतीस का?